दुर्मीळ मराठी पुस्तकाची यथामूल आवृत्ती: पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखित प्रतींच्या आधाराने १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि त्यामुळे ग्रंथाची संहिता, म्हणजे मजकूर, टिकली. परंतु पहिल्या आवृत्तीचे पान कसे दिसत होते, ओव्यांची मांडणी कशी होती, मुखपृष्ठावर काय होते, हे आता कोणालाही पाहता येणार नाही. संहिता टिकणे आणि पान टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्याने अक्षरजुळणी करून काढलेली आवृत्ती पहिले काम करते, तर मूळ पानांच्या छायाप्रतिमांवरून जशीच्या तशी छापलेली यथामूल आवृत्ती दोन्ही कामे करते.

हा लेख अशांसाठी आहे की ज्यांच्या हाती एखादे जुने मराठी पुस्तक आले आहे किंवा ज्यांनी ते एखाद्या ग्रंथालयात पाहिले आहे, आणि ज्यांना ते अभ्यासकांपर्यंत व वाचकांपर्यंत पोहोचवायचे आहे. या कामाला मोठे भांडवल लागत नाही. चिकाटी, नोंदी ठेवण्याची सवय आणि मुद्रकाशी नेमक्या शब्दांत बोलण्याची तयारी मात्र लागते. मी या प्रक्रियेतून गेलो आहे. माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळवताना जो वेळ जातो तो तुमचा वाचावा, एवढ्यासाठी ती येथे क्रमाने देत आहे.

१. हाती असलेली प्रत नेमकी कोणती, हे आधी ठरवा

पुस्तकाचे नाव एकच असले तरी त्याच्या आवृत्त्या अनेक असतात, आणि जुने प्रकाशक ‘आवृत्ती’ हा शब्द फार सैलपणे वापरत. म्हणून शीर्षकपृष्ठावरील सर्व मजकूर ओळ न् ओळ उतरवून घ्या: छापखान्याचे नाव, गाव, साल, किंमत, आवृत्तीचा क्रमांक. अनेक पुस्तकांवर केवळ शके दिलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, परंतु पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या काळासाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात. त्यामुळे महिना दिलेला नसेल तर ‘शके १८०४, म्हणजे इ. स. १८८२-८३’ असेच लिहावे.

त्यानंतर शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांच्या नोंदी आहेत. मुद्रणकलेच्या बाल्यावस्थेतील, म्हणजे साधारणपणे १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना आपण दोलामुद्रिते म्हणतो. त्या वर्षी छापखाने व पुस्तकनोंदणीचा कायदा आला आणि छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नियमित नोंद होऊ लागली. तुमचे पुस्तक त्याआधीचे असेल, तर सूचीत त्याचा उल्लेख सापडला नाही म्हणून ते अज्ञात आहे असा निष्कर्ष घाईने काढू नका.

एका प्रतीवर कधीही थांबू नये. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, मुंबईची एशियाटिक सोसायटी, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी, एवढ्या ठिकाणी तरी चौकशी करावी. जिल्ह्याच्या गावांतील शंभर वर्षे ओलांडलेली नगर वाचनालये विसरू नयेत. सूचीत न आलेल्या प्रती तेथे कपाटांच्या वरच्या खणांत निघतात. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणीतरी आधीच प्रतिमा चढवलेल्या असण्याचीही शक्यता असते. त्या बहुधा छपाईच्या दर्जाच्या नसतात, परंतु पाने ताडून पाहायला फार उपयोगी पडतात.

२. हक्कांचा प्रश्न कागदावर सोडवा

‘पुस्तक जुने आहे, म्हणजे मोकळेच असणार’ हा या क्षेत्रातील सर्वांत धोकादायक समज आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे लेखनाधिकार (कॉपीराइट) टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाली. येथे पुस्तकाचे वय नव्हे, तर लेखकाच्या निधनाचे वर्ष पाहायचे असते. तरुण वयात १९२० साली पुस्तक लिहिलेला लेखक १९८५ पर्यंत जगला असेल, तर ते पुस्तक आजही संरक्षित आहे.

पुढील बाबी स्वतंत्रपणे तपासा. दोन लेखक असतील तर शेवटी निवर्तलेल्या लेखकाचे वर्ष धरतात. निनावी किंवा टोपणनावाने लिहिलेल्या आणि लेखकाची ओळख उघड न झालेल्या पुस्तकासाठी, तसेच लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या पुस्तकासाठी, प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे मोजतात. भाषांतरकाराचा हक्क मूळ लेखकाहून वेगळा असतो, आणि चित्रकाराचाही.

नवखी माणसे अडकतात ती याच्या पुढच्या टप्प्यावर. मूळ ग्रंथ १८७० चा असतो, परंतु हाती आलेली प्रत १९६५ ची असते आणि तिला एखाद्या संपादकाची प्रस्तावना, टीपा व शब्दसूची जोडलेली असते. ती प्रस्तावना आणि त्या टीपा हे त्या संपादकाचे स्वतंत्र लेखन आहे. वारसांची लेखी परवानगी नसेल तर तेवढी पाने वगळावीत, किंवा सरळ १८७० ची प्रत शोधावी. मी नेहमी दुसरा मार्ग सुचवतो.

हक्कदार आहेत, पण सापडत नाहीत, अशा ग्रंथांसाठी लेखनाधिकार कायद्याच्या कलम ३१ अ मध्ये परवान्याची तरतूद आहे. तो मार्ग वकिलाच्या सल्ल्यानेच धरावा.

३. ग्रंथालयाशी लेखी करार करा

ग्रंथाचा लेखनाधिकार संपला असला, तरी प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असते आणि तिला हात लावू द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच असतो. तोंडी होकारावर काम सुरू करू नये. कार्यकारिणी बदलली की तोंडी होकार हवेत विरतो. अर्जासोबत पुढील कागद न्यावेत:

– पुस्तकाचे पूर्ण वर्णन, दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतील क्रमांक) आणि ही आवृत्ती का काढायची आहे याचे एक पानी निवेदन
– लेखकाच्या निधनवर्षाचा पुरावा (चरित्रकोशातील नोंद, मृत्युलेख किंवा तत्सम छापील आधार)
– स्वतःचे ओळखपत्र, आणि संस्थेच्या वतीने काम असल्यास संस्थेचे पत्र
– प्रतिमा कोठे, कोणत्या साधनाने आणि कोणाच्या देखरेखीखाली घेतल्या जातील याचा तपशील
– ग्रंथालयाला काय मिळेल याची स्पष्ट नोंद

शेवटच्या मुद्द्यावर हात आखडू नका. सर्व मूळ प्रतिमांचा एक संपूर्ण संच, छापील आवृत्तीच्या काही प्रती आणि आवृत्तीत ठळक ऋणनिर्देश, एवढे द्यायलाच हवे. ज्यांनी शतकभर वाळवी आणि पावसाळ्यापासून हे पुस्तक सांभाळले त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. पुस्तक आवाराबाहेर नेण्याची परवानगी मागू नये, आणि मिळत असली तरी घेऊ नये.

४. प्रतीची प्रकृती पाहा

पहिल्यांदा काम करणाऱ्याला आश्चर्य वाटते, पण १८४० चे पुस्तक १९२० च्या पुस्तकापेक्षा अनेकदा अधिक धडधाकट असते. जुना कागद चिंध्यांच्या लगद्यापासून बनत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद रुळला. त्यातील आम्लामुळे पान आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि शेवटी दुमडताच तुटते. पानाच्या कोपऱ्याला हलका बाक दिल्यावर तो मोडेल असे वाटले, तर तेथेच थांबा आणि जतनतज्ज्ञाला बोलवा.

सुती हातमोजे घालू नका, कारण त्यांनी बोटांची जाण कमी होते आणि पानांच्या कडा फाटतात; स्वच्छ धुतलेले कोरडे हात अधिक सुरक्षित असतात. धूळ मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या दिशेने झटकावी. सेलोटेप कोणत्याही कारणासाठी वापरू नये, कारण तिचा चिकटा कागदात उतरून कायमचा डाग पाडतो. फाटलेले पान जोडायचेच असेल, तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ हा मान्य उपाय आहे, आणि तोही शिकलेल्या हाताने करायचा. प्रतिमा नीट याव्यात म्हणून बांधणी उसवण्याचा सल्ला काही जण देतात. ग्रंथालयाने लेखी संमती दिल्याशिवाय आणि बांधणी मुळातच निकामी झालेली असल्याशिवाय तो मानू नये.

५. प्रतिमा घ्या

लागणारी साधने अशी: ९० ते ११० अंशांत पुस्तक उघडे धरणारा व्ही आकाराचा पाळणा (तो चांगल्या सुताराकडूनही करून घेता येतो), किमान २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि कडांना रेषा न वाकवणारी लेन्स, कॅमेरा पक्का धरणारा स्टँड, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावलेले एकसारखे एलईडी दिवे, रंगपट्टी (रंग ताडून पाहण्याची पट्टी), मिलिमीटरची पट्टी आणि काळा जाड कागद. ग्रंथालयाकडे वरून प्रतिमा घेणारा पुस्तक-स्कॅनर असेल तर उत्तमच. सपाट काचेचा कार्यालयीन स्कॅनर जुन्या बांधणीच्या पुस्तकाला वापरू नये, कारण प्रत्येक पानासाठी पुस्तक उताणे दाबावे लागते आणि पुठीचा कणा मोडतो.

एका चौकटीत एकच पान घ्यावे. यामागचे गणित साधे आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची चौकट साधारण ६००० गुणिले ४००० बिंदूंची असते. डेमी अष्टपत्री आकाराचे, म्हणजे साडेआठ इंच उंचीचे पान भोवतालच्या मोकळ्या जागेसह दहा इंचांत बसवले, तर इंचाला ६०० बिंदू मिळतात, आणि अक्षरांच्या छपाईला तेवढेच हवे असतात. दोन्ही पाने एकाच चौकटीत घेतली की हा आकडा चारशेच्या आसपास घसरतो, आणि बारीक टाईपातील तळटीपा कायमच्या हातच्या जातात.

प्रत्येक पानाच्या मागे काळा कागद सरकवावा, म्हणजे पातळ कागदातून मागच्या बाजूची अक्षरे उमटत नाहीत. पहिल्या चौकटीत आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी रंगपट्टी व मोजपट्टी ठेवावी. पुस्तकाचा खरा आकार पुढे सिद्ध करण्याचे ते एकमेव साधन असते. प्रतिमा रंगीतच घ्याव्यात आणि टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल-स्वरूपात जपाव्यात. फाइलींना पुस्तकाच्या छापील पृष्ठांकाचे नाव न देता एकापुढे एक असा स्वतंत्र क्रमांक द्यावा, कारण जुन्या पुस्तकांत पृष्ठांक चुकलेले, दोनदा आलेले किंवा मध्येच नव्याने सुरू झालेले असतात.

काहीही वगळू नये. कोरी पाने, शेवटच्या जाहिराती, ग्रंथालयाचे शिक्के, वर्गणीदारांची यादी, शुद्धिपत्र, पाठीवरील किमतीची चिठ्ठी, सर्व घ्यावे. वर्गणीदारांच्या यादीवरून त्या काळी कोणत्या गावात कोण वाचत होते हे कळते, आणि जाहिरातींवरून छापखान्याची इतर पुस्तके कळतात, ज्यांतील काही आज केवळ त्या जाहिरातीपुरतीच उरली आहेत. ग्रंथालयीन बांधणी करताना मूळ कागदी वेष्टन काढून टाकण्याची पद्धत होती. वेष्टनासह असलेली प्रत सापडली, तर ती दुय्यम वाटत असली तरी तिचे वेष्टन नोंदवून घ्या.

पाने उलटून झाल्यावर लगेच, पुस्तक समोर असतानाच, प्रत्येक प्रतिमा पानाशी ताडून पाहा. हे घरी जाऊन करायचे काम नव्हे.

६. प्रतिमा स्वच्छ करा, पण हात आवरून

यथामूल आवृत्ती सर्वांत जास्त बिघडते ती येथे. संगणकावर डाग पुसणे इतके सोपे झाले आहे की कोठे थांबावे हेच कळेनासे होते.

देवनागरीत ठिपक्याला अर्थ असतो. धूळ काढणारे स्वयंचलित फिल्टर ठरावीक आकारापेक्षा लहान सर्व ठिपके पुसतात, आणि त्यांच्याबरोबर अनुस्वारही जातात. जुन्या मराठीत तर अनुस्वारांची रेलचेल आहे: ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘नाहीं’, ‘कसें’. एका पानावर असे दहा अनुस्वार गेले, तर ते पान एकोणिसाव्या शतकाचे राहिले नाही, ते विसाव्या शतकातील शुद्धलेखनाचे झाले. म्हणून हा फिल्टर पूर्ण पुस्तकावर कधीही चालवू नये. डाग हाताने, एकेक पाहून, आणि फक्त अक्षरांपासून दूर असलेलेच काढावेत.

दुसरा धोका काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा, म्हणजे किती गडद बिंदू काळा धरायचा हे मूल्य, ठरवण्यात आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक शिरोरेषेतील एका बारीक फटीवर अवलंबून असतो. पान गडद व्हावे म्हणून सीमारेषा वाढवली की ती फट बुजते आणि ‘धन’ चे ‘घन’ होते. उलट ती फार कमी केली की झिजलेल्या खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) काना-वेलांट्या तुटतात. संपूर्ण पुस्तकाला एकच मूल्य लावू नका. फर्म्याफर्म्यातून (एकत्र छापलेल्या पानांच्या गटागटांतून) शाई बदललेली असते, त्यामुळे निदान दर सोळा पानांनी ते नव्याने तपासावे.

तिसरा धोका फाइल लहान करताना येतो. जेबिग-२ नावाच्या संकोचनपद्धतीचा तपशील गमावणारा (लॉसी) प्रकार सारखी दिसणारी अक्षरे एकच समजून एकाच्या जागी दुसरे बसवतो. इंग्रजी आकड्यांच्या बाबतीत असे घडल्याचे २०१३ साली जगभर उघड झाले होते. देवनागरीत सारख्या आकृत्या त्याहून अधिक आहेत. छपाईच्या पीडीएफमध्ये हानिरहित (लॉसलेस) संकोचनच निवडावे.

शिळाछापाच्या पुस्तकांना आणखी जपावे लागते. तेथे खिळे नाहीत. लेखनिकाने हाताने लिहिलेली अक्षरे दगडावरून उमटलेली आहेत, शब्दांमध्ये अनेकदा जागा सोडलेली नसते, आणि रेषेचा जाड-बारीकपणा हाच त्या पानाचा देखणेपणा असतो. अशा पानांवर सीमारेषा लावण्याऐवजी करड्या छटांसह छपाई करावी, असे माझे मत आहे.

अस्पष्ट अक्षर ‘दुरुस्त’ करू नये. दुसऱ्या पानावरून तेच अक्षर उचलून चिकटवणे म्हणजे वाचकाला न सांगता संहिता बदलणे होय. मुद्रणदोषही तसेच राहू द्यावेत.

७. गहाळ पाने दुसऱ्या प्रतीवरून घ्या

दुसरी प्रत त्याच आवृत्तीची आणि त्याच जुळणीची आहे याची खात्री आधी करावी. दोन्ही प्रतींत उपलब्ध असलेली चार-पाच पाने शेजारी ठेवून ओळी कोठे तुटतात आणि कोणते खिळे मोडलेले आहेत ते पाहा. दोन्ही जुळले, तरच गहाळ पान उसने घ्यावे आणि तसे संपादकीयात लिहावे. पान कोठेच मिळाले नाही, तर त्या जागी ‘हे पान उपलब्ध प्रतींत नाही’ एवढा मजकूर असलेले कोरे पान घालावे. नव्याने जुळवलेले पान मध्ये घालू नये.

८. संपादकीय निवेदन लिहा

यात मोठी वाङ्मयीन चर्चा अपेक्षित नाही. कोणत्या ग्रंथालयाची, कोणत्या दाखल क्रमांकाची प्रत वापरली; तिचा आकार किती; छपाई मूळ आकारात आहे की किती टक्के लहान-मोठी केली; कोणती पाने दुसऱ्या प्रतीवरून घेतली; कोणत्या प्रकारचे डाग काढले आणि कोणते ठेवले; वाचकांच्या हस्ताक्षरातील टिपणांचे काय केले, हे सर्व नेमके सांगावे. अभ्यासकाला या आवृत्तीवर विसंबता येईल की नाही, हे याच दोन पानांवर ठरते.

नव्या मजकुराला ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी पृष्ठांक द्यावेत आणि जुन्या पानांवर नवा आकडा मुळीच छापू नये. मूळ पुस्तक मोडीत असेल, तर बाळबोध लिप्यंतर समोरासमोर द्यावे; ते न दिल्यास आवृत्ती मोजक्या लोकांपुरती राहील.

९. छपाई, कागद आणि बांधणी

मुद्रकाला तीन गोष्टी लेखी द्या. पहिली, पाने शंभर टक्के आकारात छापायची आहेत. ‘पानात बसवा’ हा संगणकाचा पर्याय चालू राहिला की प्रत्येक पान थोडे आक्रसते. म्हणून नमुना पानावरील मजकुराची उंची पट्टीने मोजून मूळ पानाशी ताडून पाहा. दुसरी, निव्वळ अक्षरांची पाने एकबिटी, म्हणजे करड्या छटा नसलेल्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्वरूपात जायची आहेत. करड्या छटांत पाठवली, तर ऑफसेटमध्ये अक्षरांच्या कडा ठिपक्यांनी बनतात आणि मजकूर धुरकट दिसतो. तिसरी, पिवळ्या कागदाचा रंग पार्श्वभूमीला छापायचा नाही. जुनाट दिसावे म्हणून छापलेला पिवळेपणा वाचायला त्रास देतो आणि आवृत्तीची किंमतही वाढवतो. शिळाछाप, चित्रे व मुखपृष्ठ यांचा अपवाद करावा.

कागद आम्लविरहित, नॅचरल शेडचा, ७० किंवा ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) घ्यावा, आणि त्याचे ग्रेन (कागदातील तंतूंची दिशा) पुठीला समांतर आहे ना हे विचारावे. आडव्या ग्रेनचे पुस्तक नीट उघडत नाही. बांधणी जुजबंदी शिलाईचीच, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गट दोऱ्याने शिवून, करावी. नुसत्या गोंदाने चिकटवलेले पुस्तक झेरॉक्सच्या यंत्रावर दोनदा उताणे पडले की पाने सुटू लागतात, आणि संदर्भग्रंथाचे नशीब तेच असते. प्रती शंभर-दोनशेच काढायच्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. त्याहून बऱ्याच जास्त असतील तर ऑफसेटचे दर मागवावेत.

१०. नोंदणी, वाटप आणि प्रतिमांचे जतन

यथामूल आवृत्तीलाही स्वतःचा आयएसबीएन (आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथक्रमांक) लागतो. तो भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्जावर विनामूल्य मिळतो, आणि व्यक्तिगत प्रकाशकालाही मिळतो. छपाईच्या बऱ्याच आधी अर्ज करावा. क्रमांकाची वाट पाहत मुखपृष्ठ अडून राहिल्याची उदाहरणे नेहमीच दिसतात.

१९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत द्यायची असते: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. ‘हे तर जुनेच पुस्तक आहे’ म्हणून ही पायरी टाळू नका. काहीही बदल न केलेल्या पुढील आवृत्तीला कायद्यात सूट आहे, परंतु आधीची आवृत्ती या कायद्याखाली जमा झालेली असेल तरच. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकाच्या बाबतीत ती तशी जमा झालेली असू शकत नाही.

मूळ टिफ प्रतिमांचे किमान तीन संच ठेवावेत: एक तुमच्याकडे, एक ज्या ग्रंथालयाची प्रत होती त्यांच्याकडे आणि एक दुसऱ्या गावातील संस्थेकडे. हक्कांचा प्रश्न उरलेला नसेल, तर वाचण्याजोगी पीडीएफ इंटरनेट अर्काइव्हवरही चढवावी. त्यामुळे छापील प्रतींचा खप बुडतो अशी भीती दाखवली जाते. पण दुर्मीळ पुस्तकाचा ग्राहक प्रथम ते पुस्तक अस्तित्वात आहे हे कळल्यावरच तयार होतो. प्रतिमांच्या प्रत्येक संचासोबत संपादकीय निवेदनाची आणि प्रतिमाक्रमांक व छापील पृष्ठांक यांच्या तक्त्याची साध्या मजकुराची फाइल ठेवावी, आणि संच दरवर्षी एकदा उघडून फाइली शाबूत आहेत ना ते पाहावे.